शेड वाढल्यावर मालावरची नजर कुणाची?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. पिंपळगाव बसवंतजवळ तुमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, म्हणजे निर्यातीचा माल निवडून पेट्यांत भरायचं शेड. चार हंगामांपूर्वी ६० बायका होत्या, आज २२० आहेत. पूर्वी प्रत्येक पेटी तुमच्या डोळ्याखालून जायची आणि युरोपातून क्लेम, म्हणजे माल खराब निघाला म्हणून भरपाईच्या मागण्या, क्वचितच यायच्या. आता तुम्ही क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, तीन मुलं ठेवलीत, कॅमेरे बसवलेत, खराब पनेट (द्राक्षांची छोटी झाकणाची डबी) सापडलं की ते भरणाऱ्या टेबलावरच्या बायकांना दंड करता, आणि तरी गेल्या हंगामात क्लेम वाढले. तुम्ही विचारताय, लोकांना माल आपला वाटत नाही, त्याला काय करायचं? आणि अशा परिस्थितीत दुसरं शेड घ्यावं का?

मी दिंडोरी तालुक्यात २००३ पासून हेच काम करतो. चाळीस बायकांवर सुरुवात केली होती. तुम्ही आज जिथे अडलाय तिथे मी पाच-सहा वर्षांनी येऊन अडलो आणि त्यातून बाहेर पडायला मला बराच काळ लागला. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकतो. तुमच्या बायका दरवर्षी त्याच येतात का, की ठेकेदार दर पंधरा दिवसांनी नवी टोळी आणून उभी करतो? टोळी बदलत असेल तर माझं पुढचं निम्मं सांगणं तुम्हाला लागू पडणार नाही. आधी तो प्रश्न सोडवावा लागेल, कारण पंधरा दिवसांसाठी आलेल्या बाईनं तुमच्या नावाची काळजी का करावी? दुसरं, माल स्वतःच्या बागेचा आहे की विकतचा? विकतचा असेल तर निम्मी लढाई शेडच्या बाहेर, बागेत आहे. आणि तिसरं, क्लेम नेमके कसले आहेत? २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४च्या हंगामात बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. पूर्वी जो माल रॉटरडॅमला ठणठणीत उतरायचा तोच माल तितका लांबचा प्रवास झाला की देठ तपकिरी होऊन उतरतो. तेव्हा सगळे क्लेम लोकांच्या निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकू नका. प्रवास लांबला तेव्हा टेबलावरच्या बायकांना कुणी सांगितलं होतं का, की आता पूर्वीपेक्षा जास्त कडक निवड करावी लागेल? माझ्याकडे पहिल्या आठवड्यात मीच सांगायला विसरलो होतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणता लोकांना माल आपला वाटत नाही. साठ बायका होत्या तेव्हा वाटत होता की नाही? तुमच्या लिहिण्यावरून वाटत होता. मग मधल्या काळात काय बदललं? तुम्ही तपासणी वेगळी काढून तीन मुलांच्या हाती दिलीत. त्या दिवसापासून टेबलावरच्या बाईचं काम भरण्यापुरतं उरलं आणि चांगलं-वाईट ठरवणं त्या मुलांचं झालं. बाईनं मनाशी हिशेब केला, की खराब असेल तर तो पोरगा काढेल. आणि पोरगा म्हणतो, टेबलानं नीट भरायला हवं होतं. दोघांच्या मध्ये घड पडला.

आणि ती तीन मुलं काढू शकतात तरी किती? एक चाळीस फुटी रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर म्हणजे साधारण १३ टन माल. पाच किलोची पेटी धरली तर २,६०० पेट्या, पेटीत पाचशे ग्रॅमची दहा पनेटं, म्हणजे २६,००० पनेटं. तीन मुलं दहा तास डोळे न मिटता, चहा न पिता बघत बसली तरी एका पनेटला चार सेकंद मिळतात. २२० बायकांवर तुमचे दिवसाला दोन कंटेनर निघत असतील, म्हणजे दोन सेकंद. दोन सेकंदांत पनेटाचं झाकणसुद्धा उघडून होत नाही. मग ती वरवर चाळतात, नमुन्याला दोन-चार उघडतात आणि सह्या करतात. त्यांची चूक नाही. तुम्ही त्यांना जे काम दिलंय ते माणसाच्यानं होणारं नाही. २२० बायकांचे ४४० डोळे तिथेच आहेत, माल त्यांच्या हातात आहे. कात्री लावताना जे दिसतं ते नंतर कुणालाच दिसत नाही.

हे मला एका मोठ्या फटक्यानं शिकवलं. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. तेव्हा तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. ज्यांनी तो हंगाम पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, जिल्ह्यातल्या कित्येक निर्यातदारांचे आणि शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते रसायन नव्हतंच. रेसिड्यूचे, म्हणजे मालातल्या औषधांच्या अंशांचे, सगळे रिपोर्ट पास होते. पण शेतकऱ्यांमध्ये सीसीसी म्हणतात ते हेच, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटवा आटोक्यात राहावा, काडीत माल धरावा म्हणून मारायचे, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या खरेदीच्या माणसाला ठाऊक होतं. शेडमधल्या निम्म्या बायकांच्या घरी बागा आहेत, त्यांनाही ठाऊक होतं. मला स्वतःला ठाऊक होतं. पण 'हे तिकडे चालतं का?' असं विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. यादी पास झाली की जबाबदारी संपली, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. यादी लागतेच, माझ्याकडेही भिंतीला लावलेली आहे. पण यादीबाहेर काही दिसलं तर तोंड उघडणारा माणूस शेडमध्ये आहे का, यावर शेवटी सगळं ठरतं.

तर मग माणूस तोंड का उघडत नाही? यावर माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो, कारण तुमच्याही शेडमध्ये ती कधीतरी घडली असणार.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. ओझरकडच्या एका प्लॉटवर दोन दिवस आधी पावसाचं शिंतडं पडून गेलं होतं. संध्याकाळचे सात वाजले होते, कंटेनर दारात लागलेला, सीलची वेळ ठरलेली आणि तीनेकशे पेट्या कमी. सात नंबर टेबलावरच्या एका मावशींनी कात्री खाली ठेवली. आमच्याकडे त्या सुरुवातीपासून होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हे घड हाताला चिकट लागतायत. मधले मणी फुटलेत, वरून दिसत नाहीत." मी घड हातात घेतला. दोन बोटांनी मणी बाजूला सारले तर देठाजवळ केसाएवढी चीर आणि तिथे रस. मला दिसलं. मी म्हणालो, "मावशी, दिसतील तेवढे फुटके काढा आणि भरा. गाडी दारात आहे." त्यांनी भरलं.

रस सुटलेला एक मणी पनेटात काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. ओल धरली की पेटीतला बुरशी रोखायचा सल्फरचा पॅड भराभर गॅस सोडतो, शेजारचे मणी देठाशी पांढरे पडतात, आणि जिथे पॅड पुरत नाही तिथे करडी बुरशी धरते. चार आठवड्यांनी तिकडून फोटो आले. पेटीवरच्या नंबरवरून प्लॉट कळला, आमच्या टेबलाच्या शिक्क्यावरून टेबल कळलं. सात नंबर. पैसे गेले ते गेलेच.

पण त्याहून मोठं नुकसान मला पुढच्या जानेवारीत समजलं. एका सकाळी त्याच टेबलावर मी उभा होतो. क्रेटमधल्या मालाला पिवळट झाक होती, आमच्या त्या खरेदीदाराला चालत नव्हती. नवी मुलगी मावशींना हळूच म्हणाली, "भाऊंना सांगायचं का?" मावशी मान वर न करता म्हणाल्या, "सांगून काय होतं? भर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या नव्या मुलीला काम शिकवत होत्या. माझ्या एका संध्याकाळच्या निर्णयानं शेडचा नियम बदलला होता, आणि तो नियम आता पुढच्या पिढीला शिकवला जात होता.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, की मागच्या मार्चमध्ये मावशींनी मला थांबवलं होतं, त्या बरोबर होत्या, मी चुकलो. पण खरं सांगतो, त्या बोलण्यानं फारसं काही झालं नाही. बायकांनी ऐकून घेतलं आणि डबे उघडले. फरक पडला तो फेब्रुवारीत. तशीच वेळ आली, दुसऱ्या टेबलावरून आवाज आला, माल खरंच मऊ होता. मी २४० पेट्या कमी घेऊन कंटेनर बंद केला. रिकाम्या जागेचं भाडं भरलं, खरेदीदाराची बोलणी खाल्ली, तो माल लोकल बाजारात गेला. कंटेनरचं दार लागताना सगळ्या बायका गाडीसाठी बाहेर उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मला टेबलांवरून हाका यायला लागल्या. सुरुवातीला नको इतक्या यायच्या, निम्म्या वेळा काहीच नसायचं. तरी मी प्रत्येक हाकेला गेलो. पहिल्या महिन्यात एखादीला 'एवढ्यासाठी बोलावलं?' म्हटलं असतं तर सगळं परत मागे गेलं असतं.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे, की थांबवण्याचा अधिकार टेबलाला द्या, आणि तो अधिकार खरा आहे हे एकदा तुमच्या पैशांनी सिद्ध होऊ द्या. 'क्वालिटी फर्स्ट'ची पाटी मीही लावली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. बायका पाटीकडे बघत नाहीत, गाडी दारात लागलेली असताना मालक काय करतो ते बघतात.

दुसरं, दंड बंद करा. हे ताबडतोब करा, हंगाम सुरू व्हायची वाट बघू नका. दंड लावल्यावर खराब घड कमी होत नाहीत, ते तळाशी जातात. एक प्रयोग करून बघा. शीतगृहातली दहा पनेटं घ्या आणि उलटी करून ताटात ओता. दंडाच्या काळात माझ्याकडे वरचा थर चित्रासारखा असायचा आणि बारीक मणी, डाग, सनबर्न सगळं घडाच्या पोटात, तळाशी दडवलेलं असायचं. लपवायलाही कौशल्य लागतं आणि ते कौशल्य मी दंड लावून तयार केलं होतं. कॅमेऱ्यांबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. गेटवर, शीतगृहाच्या दाराशी असू द्या. टेबलावर रोखलेला असेल तर काढा.

दंडासारखीच दुसरी गोष्ट म्हणजे उक्तं. तुम्ही लिहिलेलं नाही, पण २२० बायकांच्या शेडमध्ये पेटीमागे पैसे असण्याची शक्यता बरीच आहे. मीही तसंच द्यायचो. उक्त्यावर काम करणाऱ्या बाईला घड परत बाजूला ठेवणं म्हणजे स्वतःच्या मजुरीतून पैसे काढून देणं. म्हणजे आपण तिला एका तोंडानं म्हणतो निवडून भर, आणि मजुरीच्या पाकिटातून म्हणतो भराभर भर. पाकिटाचंच ऐकलं जाणार, आणि तिनं ते का ऐकू नये? घरी पोरं आहेत. मी हजेरीवर आलो तेव्हा पहिले दोन आठवडे वाईट गेले. एका कंटेनरला दीड दिवस लागायला लागला, माझा भाऊ रोज माझ्याशी भांडत होता. नंतर वेग बराचसा परत आला, सगळा नाही आला. तो राहिलेला फरक मी किंमत म्हणून धरतो. तुमच्यावर कर्जाचे हप्ते असतील आणि दीड दिवसाचा कंटेनर परवडणारच नसेल तर एकदम सगळं शेड बदलू नका. युरोपच्या मालाची टेबलं हजेरीवर आणा, बाकीची तूर्त राहू द्या.

आता ज्या एका गोष्टीनं माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला ती सांगतो. आम्ही तिला राखीव पेटी म्हणतो.

विचार करा, टेबलावरची बाई जानेवारीत पेटी भरते. ती पेटी न्हावा शेवा बंदरातून निघते, महिना-दीड महिन्यानं कुठल्यातरी देशात उघडते. त्या बाईला ती पुन्हा कधीही दिसत नाही. क्लेम आला तर ईमेलवर येतो, इंग्रजीत येतो, तुमच्याकडे येतो. तिला कळतं ते एवढंच, की शेठ आज चिडलेले आहेत. स्वयंपाक करणाऱ्या बाईला जेवणारी माणसं कधी दिसलीच नाहीत तर मीठ कमी-जास्त झालेलं तिला कसं कळावं? ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या सरकारी नोंदणी यंत्रणेमुळे पेटीवरून प्लॉटपर्यंत मागं जाता येतं. आमच्या टेबलाच्या शिक्क्यामुळे आणखी एक पायरी मागं, टेबलापर्यंत जाता येत होतं. पण तोवर तो रस्ता आम्ही फक्त दोषी शोधायला वापरत होतो.

आता आम्ही रोज प्रत्येक टेबलाच्या दोन पेट्या बाजूला काढतो. कुठल्या काढायच्या ते टेबल ठरवत नाही, चिठ्ठी निघते. त्यांच्यावर तारीख, प्लॉट, टेबल. इतर मालाबरोबरच प्रीकूलिंग, म्हणजे आधी भराभर थंड करणं, मग शून्य अंशाला शीतगृहात. एक पेटी बाराव्या दिवशी उघडतो, कारण तोवर भरताना काय केलं होतं ते हाताला आठवत असतं. दुसरी चाळिसाव्या दिवशी, एक दिवस बाहेर ठेवून. उघडायची ती त्याच टेबलाच्या बायकांनी, मी फक्त शेजारी उभा राहतो.

पहिल्यांदा उघडली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. पेटीवरचा पॅड उचलला, पनेटाचं झाकण काढलं. वरचा घड छान होता. देठ हिरवा, मण्यावरची लव शाबूत. त्या बाईनं घड शेंड्याकडून धरून उचलला आणि खालचे चार मणी पनेटातच राहिले. मऊ, तपकिरी, बुडाशी ओल. ती काही बोलली नाही. तिनं तो घड उलटा केला आणि देठाला जिथून मणी गळाले तिथे बोट लावून शेजारणीला दाखवलं, "इथं कात्रीचं टोक लागलंय." बाराव्या दिवशी तिला कळलं की भरताना कात्रीचं टोक मण्याला टेकलं की काय होतं. हे मी त्यांना पाच वर्षं तोंडानं सांगत होतो. त्या आठवड्यात तिनं स्वतःहून स्टोअरमधून गोल टोकाची कात्री मागून घेतली, आणि महिन्याभरात सगळ्या टेबलांवर तशाच कात्र्या गेल्या.

हंगामाच्या शेवटी बक्षीस द्यायचं असेल तर ते राखीव पेट्यांच्या निकालावर द्या, क्लेमवर देऊ नका. क्लेममध्ये जहाजाचा उशीर, कंटेनरचं तापमान, तिकडचा पडलेला बाजारभाव सगळं मिसळलेलं असतं. बाजार पडला की काही खरेदीदारांना आपल्या मालात खोट दिसायला लागते, हे तुम्हीही अनुभवलं असेल. ज्या गोष्टी टेबलाच्या हातात नाहीत त्यावर टेबलाचे पैसे टांगले तर पुन्हा तोच अविश्वास. मार्चच्या मध्यानंतरच्या दुसऱ्या पेट्या हंगाम संपल्यावर उघडतात, तेव्हा बायका घरी गेलेल्या असतात. त्यासाठी मी प्रत्येक टेबलाच्या एकीला दिवसाची हजेरी देऊन बोलावतो. खर्च किरकोळ आहे.

आता 'चांगलं म्हणजे काय' हे सगळ्यांना सारखं कळावं यासाठी काय करायचं. कागदावर लिहून ते होत नाही. 'बारीक मणी काढा' म्हटलं तर बारीक म्हणजे किती? प्रत्येकीच्या गळ्यात १६ आणि १८ मिलिमीटरची रिंग असू द्या, वाद संपतो. पण रंग, देठ, डाग यांना रिंग नाही. म्हणून सकाळी सातला, पहिला क्रेट फुटण्याआधी, दहा मिनिटं आम्ही त्या दिवसाच्या प्लॉटचे तीन घड मधल्या टेबलावर मांडतो. एक उत्तम, एक चालेल असा, एक चालणार नाही असा. प्रत्येकीनं येऊन हातात घेऊन बघायचं. तिसरा घड कुठला हे मी ठरवत नाही. टेबलाच्या ताया, म्हणजे प्रत्येक टेबलाची प्रमुख बाई, ठरवतात, आणि त्यांच्यात मतभेद झाले तर तिथेच बोलणं होतं. दुसरा आणि तिसरा यांच्यामधली रेघ ज्या दिवशी त्या स्वतः ओढायला लागल्या, त्या दिवसापासून त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या. कधीकधी मला म्हणावं लागतं, अहो ताई, हा चालेल.

इथपर्यंतचं एकत्र करतो: टेबलाला थांबवता यावं, थांबवल्याबद्दल मजुरी कापली जाऊ नये, भरलेलं पुढे काय होतं ते तिच्याच डोळ्यांना दिसावं, आणि चांगल्या-वाईटाची रेघ ओढण्यात तिचा हात असावा. हे झालं की तुमची क्यूसीची तीन मुलंही उपयोगी पडतील. त्यांना टेबलांवर फिरू द्या, शिकवू द्या, राखीव पेट्यांच्या नोंदी ठेवू द्या. सगळी पनेटं तपासल्याच्या सह्या मात्र त्यांच्याकडून घेऊ नका.

रचनेबद्दल एक गोष्ट. २२० बायका एका मुकादमाखाली ठेवू नका. दहा-बारा जणींचं टेबल आणि प्रत्येक टेबलाला एक ताई, जी स्वतः कात्री धरते. तिला थोडी हजेरी जास्त द्या. निवडताना सगळ्यात वेगानं भरणारीला निवडू नका. जिच्याकडे नव्या मुली आपणहून विचारायला जातात ती निवडा. दोन दिवस लांबून बघितलंत तर ओळखू येते. आणि टेबलं मोडू नका. रोज उपस्थितीप्रमाणे बायका इकडून तिकडे हलवल्या तर सात नंबरच्या पेटीला सात नंबर म्हणण्यात अर्थ राहत नाही.

एक साधी गोष्ट जी मला फार उशिरा सुचली. माझ्या राखीव पेट्यांच्या नोंदींत चारनंतर भरलेला माल सकाळच्या मालापेक्षा सतत वाईट दिसायचा. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बायका सकाळपासून थंड फरशीवर उभ्या असतात. पायाखाली रबरी मॅट टाकल्या, आळीपाळीनं बसायला उंच स्टुलं दिली, चार वाजता पंधरा मिनिटांचा चहा आणि स्वच्छ संडास. फरक नोंदींत दिसला. हे आधीच द्यायला हवं होतं, नोंदींची वाट बघायला नको होती, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नात एक ओळ ओझरती आली आहे, की धाकटा भाऊ डिस्पॅच बघतो आणि घाईच्या वेळी क्यूसीनं अडवलेला माल सोडतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. घरचा माणूस एकदा जरी अडवलेला माल सोडतो, तरी २२० जणींना कळतं की नियम बाहेरच्यांसाठी आहे. भावावर ओरडून उपयोग नाही. त्याच्या गळ्यात गाडी वेळेवर काढायची जबाबदारी आहे आणि मालाची नाही, मग तो गाडीच काढणार. आमच्याकडे आम्ही कामं अशी फिरवली: जो कंटेनर लोड करतो तोच त्या कंटेनरचा तिकडून आलेला रिपोर्ट उघडतो आणि खरेदीदाराशी फोनवर तोच बोलतो. माझ्या भावानं पहिल्या क्लेमचा फोन घेतला, अर्धा तास ऐकून घेतलं, आणि त्यानंतर अडवलेला माल त्यानं कधी सोडला नाही. घरात बसून ठरवा, शेडमध्ये अडवलेला माल सोडायचा अधिकार कुणालाच नाही, तुम्हालाही नाही. तुम्हाला तर आधी नाही.

मग मालकानं स्वतःच्या हातात काय ठेवायचं? मी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक, कुठला प्लॉट तोडायचा आणि कधी, हे बागेत जाऊन मी ठरवतो. साखर उतरली का, देठ कसा आहे, पाऊस होऊन किती दिवस झाले, आणि शेतकऱ्याशी दोन गोष्टी बोललो की त्यानं काय मारलंय ते कळतं. चुकीचा माल शेडमध्ये आला की पुढे कुणीही काही करू शकत नाही. दुसरं, राखीव पेटी उघडताना मी हजर असतो, आजारी असलो तरच चुकतं. बाकी सगळं, माझ्यापेक्षा चांगलं करणारी माणसं शेडमध्ये आहेत.

दुसऱ्या शेडबद्दल. या हंगामात घेऊ नका. जागा, शीतगृह, कर्ज यांचं गणित तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडाल, मी फक्त एवढं विचारीन की त्या शेडमध्ये पहिल्या दिवशी उभ्या राहतील अशा चार-पाच टेबलांच्या ताया आज तुमच्याकडे आहेत का, ज्या तुम्ही नसताना माल अडवतील? नसतील तर एक हंगाम त्या तयार करण्यात घालवा. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की जानेवारीपर्यंत तुमच्याकडे तीनेक महिने असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जुन्या जाणत्या बायकांच्या घरी जा, चहा घ्या आणि विचारा, मागच्या हंगामात कुठला माल भरताना तुमचा हात अडखळला होता? पहिल्या घरी कदाचित काही सांगणार नाहीत. तिसऱ्या-चौथ्या घरी सांगतील. ते वहीत लिहून घ्या. माझ्या अंदाजानं तुमचे निम्मे क्लेम त्या वहीत सापडतील.

फेब्रुवारीत दिंडोरीकडे येणं झालं तर मंगळवारी या, सकाळी साडेसहापर्यंत. सातला नमुन्याचे घड मांडतो आणि आठला राखीव पेट्या उघडतो. तुमच्या भावालाही बरोबर आणा, आणि जमलं तर टेबलावरच्या दोन बायकांना. त्या आमच्या सात नंबरशी बोलतील.